अमेरिकन अभिनेत्रीची कारकीर्दसूची: नाटक आणि सिटकॉम एका तक्त्यात कसं बसवायचं

पुण्यात अभिवाचनाच्या पत्रिकेत, दिवाळी अंकातल्या चौकटीत किंवा मराठी विकिपीडियावर परदेशी कलाकाराची कारकीर्द येते, तेव्हा ती बहुतेक वेळा आयएमडीबी या चित्रपट-मालिकांच्या संकेतस्थळावरून उतरवलेली असते. चित्रपटातल्या नटाच्या बाबतीत हे कसंबसं निभावतं. जिचं निम्मं काम रंगमंचावर झालं आणि लोकांना जी एका विनोदी मालिकेमुळेच ठाऊक आहे, तिच्या बाबतीत अशी यादी हमखास लंगडी पडते.

नमुन्यासाठी पॉली हॉलिडे यांची कारकीर्द घेऊ. 'ॲलिस' या सीबीएस वाहिनीवरच्या विनोदी मालिकेत मेलच्या खानावळीत काम करणारी तोंडाळ फ्लो त्यांनी केली. यादी करणारे ज्या ज्या ठिकाणी घसरतात, ती जवळजवळ सगळी ठिकाणं या एका कारकिर्दीत सापडतात.

आधी तक्ता, मग शोध

गूगल शीट्समध्ये एका कामाला एक ओळ ठेवा. रकाने असे: माध्यम, कलाकृती, भूमिकेचं नाव, सहभागाचा प्रकार, सुरुवात, शेवट, नाट्यगृह किंवा वाहिनी, दिग्दर्शक, पुरावा, शंका. शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा, आणि तोच लोक करत नाहीत. जे पटलेलं नाही ते तिथे लिहून पुढे जा. छपाईच्या आदल्या दिवशी फक्त तो रकाना चाळायचा.

तारखा वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने भरा. अमेरिकेत महिना आधी लिहितात. तिथला ३/८/१९८० म्हणजे ८ मार्च. आपल्या पद्धतीवर लावलेलं शीट त्याचा ३ ऑगस्ट करून ठेवतं आणि चुकतंय असं कुठेही सांगत नाही. दिवस १२ च्या पुढे असला तर घोटाळा लगेच दिसतो, १२ पर्यंत लपून राहतो. कामाच्या तक्त्यात अंक इंग्रजी ठेवा. देवनागरी अंक शीट अनेकदा साधा मजकूर समजतं, आणि मग क्रमवारी लागत नाही. देवनागरी अंक छपाईच्या मजकुरात करा.

तारखा भारतीय वेळेत बदलू नका. न्यूयॉर्कला रात्री ८ वाजता लागलेली मालिका आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला (त्यांच्या हिवाळ्यात साडेसहाला) असते. 'आपल्या हिशेबाने' एक दिवस पुढे सरकवलेली तारीख जगातल्या कुठल्याच नोंदीशी जुळत नाही.

नाटकं पहिल्यांदा

क्रम उलटा करू नका. मालिकांची माहिती मुबलक असते, म्हणून लोक तिथून सुरुवात करतात आणि नाटकांपर्यंत येईस्तोवर दमतात.

ब्रॉडवेसाठी, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीसाठी, आयबीडीबी हा माहितीसाठा वापरा. नाट्यगृह, शुभारंभाची तारीख, शेवटचा प्रयोग, मूळ संच आणि नंतर आलेले कलाकार असं सगळं तिथे वेगवेगळं मिळतं. हॉलिडे यांची नोंद १९७४ च्या 'ऑल ओव्हर टाउन'पासून सुरू होते. त्याचं दिग्दर्शन अभिनेते डस्टिन हॉफमन यांचं. पुढे १९८६ मध्ये 'आर्सेनिक अँड ओल्ड लेस', १९९० मध्ये 'कॅट ऑन अ हॉट टिन रूफ', १९९४ मध्ये 'पिकनिक'.

एवढ्यावर थांबलात तर मोठं भगदाड राहतं. आयबीडीबी मुख्यतः ब्रॉडवेचं आहे. आणि ब्रॉडवे ठरतं ते रस्त्यावरून नव्हे, तर मॅनहॅटनमधल्या ठरावीक नाट्यगृहांच्या आसनसंख्येवरून: ५०० आणि त्याच्या वर असेल तर ब्रॉडवे, १०० ते ४९९ असेल तर ऑफ-ब्रॉडवे. ऑफ-ब्रॉडवेसाठी लॉर्टेल संग्रह वेगळा पाहावा लागतो. न्यूयॉर्कबाहेरच्या नाट्यसंस्था या दोन्हींत नसतात. हॉलिडे यांची उमेदवारीची वर्षं फ्लोरिडात सारासोटा इथल्या असोलो नाट्यसंस्थेत गेली. आयबीडीबीच्या भरवशावर राहणाऱ्याच्या यादीत ती दिसणारच नाहीत आणि बाई १९७४ साली आकाशातून पडल्यासारख्या वाटतील. अशा कामांसाठी त्या त्या संस्थेचा इतिहास, जुन्या कार्यक्रमपत्रिका आणि स्थानिक वृत्तपत्रं धुंडाळावी लागतात. इंटरनेट आर्काइव्हवर त्यातलं बरंच काही चाळता येतं.

प्रयोगांच्या आकड्यांची तुलना करायचा मोह आवरा. आपल्याकडे बालगंधर्वला एकाच दिवशी सकाळ, दुपार, रात्र अशी तीन वेगळी नाटकं लागू शकतात. प्रयोग गावोगावी विखुरलेले असतात. ब्रॉडवेवर नाटक एका नाट्यगृहात मुक्काम ठोकतं आणि आठवड्याला साधारण ८ प्रयोग होतात. म्हणजे २०० प्रयोग जेमतेम सहा महिन्यांत भरतात. त्यामुळे 'द्विशतकी नाटक' असं लिहिलंत तर मराठी वाचक जो अर्थ घेईल, तो तिथे लागू नाही. शिवाय समीक्षकांना बोलावण्याआधी तिकीट लावून होणारे पूर्वप्रयोग या आकड्यात धरत नाहीत. त्यांची तारीख शुभारंभ म्हणून टिपली की नाटक दोनतीन आठवडे आधी सुरू झाल्यासारखं दिसतं. तुमच्याकडचा आकडा खरा वाटतोय का, हे पाहायला शुभारंभ ते अखेर आठवडे मोजा आणि ८ ने गुणा. फार तफावत आली तर शंकेच्या रकान्यात.

सहभागाच्या प्रकारात निदान चार पर्याय ठेवा: मूळ संच, मूळ कलाकाराच्या जागी कायमची आलेली, गरज पडली तर उभी राहणारी बदली, आणि दौऱ्याचा संच. आपण दुसऱ्या आणि तिसऱ्याला सरसकट 'बदली' म्हणतो. यादीत मात्र फरक मोठा आहे, कारण तिसऱ्या प्रकारातली व्यक्ती त्या भूमिकेत एकदाही रंगमंचावर आलेली नसू शकते. नाटकाचं पुनरुज्जीवन ही नवी ओळ. निर्मिती संस्था बदलली तरी नवी ओळ. 'घाशीराम कोतवाल' भरत नाट्य मंदिरात १६ डिसेंबर १९७२ ला पीडीएने (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन) आणलं आणि नंतर ते थिएटर ॲकॅडमीचं म्हणून जगभर गेलं. हे दोन्ही एका ओळीत कोंबणाऱ्याला पुण्यात कोणीही लगेच टोकेल. परदेशी नाटकालाही तोच न्याय लावा.

मालिकेची वर्षं आणि फ्लोचा गुंता

'ॲलिस' १९७६ ते १९८५ चालली, ९ हंगाम, २०२ भाग. म्हणून हॉलिडे यांच्या नावापुढे १९७६–८५ लिहिलेलं आढळतं, आणि ते चूक आहे. मालिकेचं आयुष्य वेगळं, कलाकाराचं त्यातलं आयुष्य वेगळं. त्या फेब्रुवारी १९८० मध्ये बाहेर पडल्या, आणि मार्चमध्ये त्याच पात्रावर बेतलेली 'फ्लो' ही त्यांची स्वतंत्र मालिका सुरू झाली. तिचे भाग २९, शेवट १९८१ मध्ये. 'दोन हंगाम' असं नुसतं लिहिलं तर दोन भरगच्च वर्षं वाटतात. अमेरिकन हंगाम सप्टेंबर ते मे असा चालतो आणि 'फ्लो' हंगामाच्या मधोमध घुसवलेली होती, म्हणून हिशेब भागांत द्यावा.

आता खरा गुंता. मालिकेआधी १९७४ चा मूळ चित्रपट होता, मार्टिन स्कॉर्सेसी यांचा 'ॲलिस डझन्ट लिव्ह हिअर एनीमोर'. त्यात फ्लो डायन लॅड यांनी केली आणि त्यांना ऑस्करचं नामांकन मिळालं. मालिकेत फ्लो हॉलिडे यांची. त्या गेल्यावर मालिकेत आल्या पुन्हा डायन लॅडच, पण फ्लो म्हणून नव्हे, तर बेल या नव्या पात्रात. खानावळवाला मेल मात्र चित्रपटात आणि मालिकेत एकच, व्हिक टेबॅक. ॲलिसचा मुलगा टॉमी चित्रपटात आणि मालिकेच्या चाचणी भागात आल्फ्रेड लटर, पुढे फिलिप मॅकियन. आणि कळस म्हणजे १९९४ च्या 'पिकनिक'मध्ये हॉलिडे यांच्या भूमिकेचं नावही फ्लो, फ्लो ओवेन्स. खानावळीतल्या फ्लोशी तिचा काडीचा संबंध नाही. आंतरजालावर 'फ्लो' आणि 'हॉलिडे' असं शोधलं की हे सगळं एकाच ढिगात येतं.

उपाय साधा आहे. भूमिकेच्या रकान्यात नेहमी पात्राचं पूर्ण नाव आणि कंसात कलाकृती लिहा, 'फ्लो' असं सुटं कधीच नाही. चित्रपटावरून मालिका झाली असेल तर संचांचा छोटा उपतक्ता करा: डावीकडे पात्र, मग चित्रपट, चाचणी भाग, मालिका. पंधरा मिनिटांचं काम आहे आणि फोटोखालच्या ओळीही त्यावरून बिनचूक लिहिता येतात.

बाकी मालिकांसाठी प्रकार तीन: मुख्य संच, अधूनमधून येणारं पात्र, एका भागाची पाहुणी. 'होम इम्प्रूव्हमेंट'मध्ये हॉलिडे यांनी नायकाची बायको जिल हिची आई केली, ती मधल्या प्रकारात जाते. जुन्या वृत्तपत्रांतल्या कार्यक्रमपत्रकातून तारीख घेत असाल, तर तो पुनःप्रसारित भाग नाही ना, हे पाहा. उन्हाळ्यात जुनेच भाग लावायची तिथे पद्धत होती.

पुरस्कार

नामांकन आणि पुरस्कार वेगळ्या ओळीत लिहा. हॉलिडे यांना 'ॲलिस'साठी गोल्डन ग्लोब मिळालं; 'कॅट ऑन अ हॉट टिन रूफ'मधल्या बिग मामासाठी १९९० मध्ये टोनीचं, म्हणजे ब्रॉडवेच्या मानाच्या नाट्यपुरस्काराचं, नामांकन होतं, पारितोषिक नाही. टोनी मिळालं ते 'ॲलिस'च्या नायिका लिंडा लॅव्हिन यांना, १९८७ मध्ये 'ब्रॉडवे बाउंड'साठी. एकाच मालिकेतल्या दोघींची ही अदलाबदल सर्रास होते. वर्ष कुठलं धरायचं, हे एकदाच ठरवा: गोल्डन ग्लोब आदल्या वर्षीच्या कामाला पुढच्या जानेवारीच्या सुमारास देतात, तर टोनी साधारण वसंतात संपणाऱ्या नाट्यहंगामासाठी जूनमध्ये असतं. आम्ही सोहळ्याचं वर्ष धरतो आणि तक्त्याखाली तसं एका ओळीत सांगतो.

फोटो आणि छपाई

१९७८ पूर्वी अमेरिकेत हक्कसूचना न छापता वाटलेले वाहिन्यांचे प्रसिद्धीफोटो तिथे सहसा हक्कमुक्त असतात. विकिमीडिया कॉमन्सवर अशा फोटोंची मागची बाजूही कधीकधी जोडलेली असते; ती उघडून बघा. १९७८ नंतरच्या फोटोला हा नियम सरसकट लावू नका.

पेठेतल्या छापखान्यात मजकूर युनिकोडमधून श्रीलिपी या छपाईच्या फॉन्टमध्ये जातो, तिथे पहिला बळी 'ॲ'चा. 'ॲलिस' या शब्दाच्या जागी चौकोन येतो, नाहीतर नुसतं 'लिस' उरतं. पडद्यावरच्या पीडीएफवर विसंबू नका. कागदावर प्रूफ काढून घ्या आणि ॲ, ऱ्या, अर्धा र, अवतरणचिन्हं एवढंच आधी बोट ठेवून पाहा. मग मूळ तक्ता शेजारी ठेवून वर्षं मोठ्याने वाचा: एकाने तक्ता वाचायचा, दुसऱ्याने प्रूफ. १९८६ चं १९६८ झालेलं असं वाचतानाच कानाला खटकतं. फोटोखालच्या ओळी सगळ्यात शेवटी तपासा, कारण डीटीपीवाला त्या बहुतेक वेळा नव्याने टाइप करतो आणि बेलच्या फोटोखाली फ्लो छापून येते ती तिथेच.