ईएसआयच्या अपघात-रजेवरून कामावर परतताय? या चुका टाळा

पॉवर प्रेसखाली बोट गेलं की पहिले काही आठवडे ईएसआयचं (कर्मचारी राज्य विमा योजना) काम बऱ्यापैकी मार्गी लागतं. गोंधळ होतो तो कामगार परत कामावर निघतो तेव्हा. कारण यात पैसे दोन प्रकारचे आहेत आणि दोन्हींना सगळे ‘ईएसआयचे पैसे’च म्हणतात.

एक, तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ. सरासरी रोजाच्या 90 टक्के, डॉक्टर कामावर जायला हरकत नाही म्हणेपर्यंत. काम सुरू झालं की हा थांबतो. दुसरा, कायमच्या अपंगत्वाचा लाभ. अवयव गेल्यामुळे कमावण्याची ताकद जितके टक्के घटली त्या हिशेबाने, दरमहा, हयातभर. पूर्ण पगारावर कामाला लागलात तरी हा चालू राहतो. पुढच्या बहुतेक चुका एकाचा नियम दुसऱ्याला लावल्याने होतात.

‘नुसता येऊन बस’

डॉक्टरचं रजेचं सर्टिफिकेट चालू असताना सुपरवायझरचा फोन येतो: मशिनवर नको, गेटवर बस, नोंदी कर. माणूस भिडेखातर जातो. तिकडे पंचिंग होतं, मस्टरवर हजेरी लागते. ज्या दिवशी काम केलं किंवा पगारी रजा घेतली, त्या दिवसाचा तात्पुरता लाभ मिळत नाही. ईएसआयचं शाखा कार्यालय मालकाकडून 10 नंबरच्या फॉर्मवर गैरहजेरीची खातरजमा करून घेऊ शकतं. त्यात हजेरी निघाली की दिलेली रक्कम वसूल होते आणि खोटं विधान केल्याचा ठपका येतो तो कामगारावर, सुपरवायझरवर नाही.

तशीच गत पीएलची, म्हणजे साठलेल्या पगारी रजेची. ‘पगार बुडू नये’ म्हणून ऑफिसातला कुणीतरी भल्या मनाने त्याच तारखांना पीएल टाकून देतो आणि लाभ अडकतो. कंपनीने मधल्या काळात काही पैसे दिलेच, तर ते पगार म्हणून दाखवलेत की उचल म्हणून, हे पगारपत्रकावर स्वतः बघा.

फायनल सर्टिफिकेट आणि रुजू होण्यातली फट

फायनल सर्टिफिकेटवर कामावर जाण्यायोग्य असल्याची तारीख असते. लाभ तिथे थांबतो. कंपनीत गेल्यावर मात्र ऐकायला मिळतं, ‘आमच्या डॉक्टरची फिटनेस आणा’ किंवा ‘सोमवारपासून बघू’. म्हणजे लाभही नाही, पगारही नाही. त्याच दिवशी रुजू होण्याचा लेखी अर्ज द्या, सोबत सर्टिफिकेटची झेरॉक्स जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सहीची पोच घ्या. पोच द्यायला नकार दिला तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. तोंडी सांगितलेलं पुढे कुणाला आठवत नाही.

मुठीत पकड येत नसेल, हात सुजत असेल, तर फायनल घेण्याआधीच डॉक्टरला मशिनवर नेमकं काय करावं लागतं ते सांगा: किती किलोचा जॉब उचलायचा, पॅडल पायाचं की दोन हातांचं बटण. ‘थोडं दुखतंय’ एवढ्यावर डॉक्टरला काही ठरवता येत नाही.

‘कामावर लागलो, आता कसला क्लेम?’

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पगार सुरू झाला म्हणजे प्रकरण मिटलं असं समजून माणूस ईएसआयच्या वैद्यकीय मंडळाकडे, म्हणजे टक्केवारी ठरवणाऱ्या डॉक्टरांकडे, जातच नाही. हिशेब बघा. सरासरी रोज 600 रुपये असेल तर पूर्ण दर 90 टक्क्यांनी 540. तर्जनी मुळापासून गेली तर कायद्याच्या परिशिष्टात कमाईची ताकद 14 टक्के घटली असं धरतात. 540 चे 14 टक्के म्हणजे रोज 75 रुपये 60 पैसे, 30 दिवसांचे 2,268. पगाराव्यतिरिक्त, हयातभर. अंगठा पूर्ण गेला असेल तर टक्केवारी 30.

म्हणून तात्पुरता लाभ संपला की लगेच मंडळापुढे पाठवण्यासाठी शाखा कार्यालयात अर्ज द्या, वर्ष उलटू देऊ नका. मंडळाने टक्के ठरवल्यावर 14 नंबरच्या फॉर्मवर क्लेम करायचा. तात्पुरता लाभ संपल्यापासूनची थकबाकीही मिळते. मंडळापुढे जाताना अपघाताच्या अहवालाची प्रत, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड न्या. टक्के कमी वाटले तर निर्णय कळल्यापासून 3 महिन्यांत अपील करता येतं. कधी मंडळ टक्केवारी काही काळापुरतीच देतं आणि पुन्हा बोलावतं. तेव्हा ‘शिफ्ट आहे’ म्हणून गेला नाहीत तर लाभ लटकतो.

जिल्हा रुग्णालयातून मिळणारं युडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) इथे चालवू नका. त्यावरचे टक्के शरीराच्या अपंगत्वाचे असतात, मंडळाचे कमाईच्या ताकदीचे. दोन्ही आकडे जुळत नाहीत म्हणून कुणी फसवलं असं होत नाही.

जखम पुन्हा उलटली तर

कामावर गेल्यावर दोन महिन्यांनी टाका पिकला, रॉड हलला, तर दवाखान्यात पहिलं वाक्य ‘जुन्या अपघाताचीच जखम’ हे हवं. नाहीतर सर्टिफिकेट साध्या आजारपणाचं बनतं: 90 ऐवजी 70 टक्के, पहिले दोन दिवस सहसा बिनपैशाचे, वर वर्षाला 91 दिवसांची मर्यादा. नंतर दुरुस्ती करून घेताना हेलपाटेच हेलपाटे.

ठेकेदार बदलला, आयपी नंबर बदलू नका

आयपी नंबर म्हणजे ईएसआयमधला तुमचा विमा क्रमांक. नवा ठेकेदार घाईत नवीन नोंदणी करून टाकतो. तुमचा अपघात, टक्केवारी आणि दरमहाचा लाभ जुन्या नंबरवर असतो, तेव्हा रुजू होतानाच तो नंबर लिहून द्या. आणि कायमच्या अपंगत्वामुळे कामच सोडावं लागलं, तर वर्षाला 120 रुपये भरून निवृत्तीच्या वयापर्यंत स्वतःचे व जोडीदाराचे उपचार ईएसआयमध्ये चालू ठेवता येतात. दरमहाच्या लाभासाठी हयातीचा दाखला मात्र मुदतीत द्यावा लागतो, बोट गेलेल्याच्या अंगठ्याचा ठसा मशिन घेत नसेल तर शाखेत जाऊन कागदावर.