डीप फ्रीझर पुरेसा थंड होत नसेल तर

हॉटेलच्या स्वयंपाकघरातील उभ्या डीप फ्रीझरचा आकडा उणे १८ अंश सेल्सिअसच्या वर गेला की थर्मोस्टॅट आणखी खाली करण्याचा मोह होतो. पण त्याने बिघाड दूर होत नाही, कॉम्प्रेसर मात्र अखंड चालत राहतो. म्हणून आधी खरे तापमान मोजावे. दारावरचा आकडा आतील हवेचा असतो, मालाचा नव्हे, आणि फ्रीझर आपोआप बर्फ वितळवत असताना तो काही वेळ चढतोच. प्रोब थर्मामीटर (टोकदार सळईचा तापमापक) दोन गोठलेल्या पाकिटांच्या मध्ये धरावा व अर्ध्या तासाने पुन्हा पाहावे. माल खरोखरच मऊ पडू लागला असेल, तर मासे आणि मटण आधी दुसरीकडे हलवावे, तपासणी त्यानंतर.

प्लग काढून कंडेन्सर, म्हणजे आतली उष्णता बाहेर टाकणारी जाळी, पाहावा. तळणीच्या तेलकट वाफेत धूळ मिसळून त्याच्या पात्यांवर गोधडीसारखा थर बसतो आणि उष्णता बाहेर पडेनाशी होते. तो मऊ ब्रशने पात्यांच्या दिशेने काढावा. माझ्या मते हे काम दर महिन्याला झालेच पाहिजे, कारण निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात. फ्रीझर भिंतीला चिकटून किंवा भट्टीशेजारी असेल, तर ही सफाई पुरेशी ठरत नाही.

दाराच्या रबरात कागदाची पट्टी अडकवून ओढावी. ती सहज निसटली, तर त्या जागेतून दमट हवा आत शिरते. खालच्या कोपऱ्यात मसाला आणि तूप साचलेले असते. ते कोमट साबणाच्या पाण्याने पुसावे. रबर फाटलेले असेल, तर बदलावे.

सर्वांत अधिक माहिती देते ती आतली कॉइल, म्हणजे आतली हवा थंड करणारी वेटोळ्यांची नळी. पुन्हा प्लग काढून तिचे झाकण उघडावे. संपूर्ण कॉइल जाड बर्फात बुडालेली असेल, तर बर्फ वितळवणारा हीटर, त्याचा टायमर किंवा सेन्सर यांपैकी काहीतरी निकामी झालेले असते, किंवा दारातून सतत ओलावा येत असतो. उलट, बर्फ फक्त सुरुवातीच्या एक-दोन वेढ्यांवर आणि बाकी कॉइल कोरडी, असे दिसल्यास गॅस (नळीत फिरून थंडावा देणारा वायू) कमी झाल्याची दाट शंका घ्यावी. बर्फ सुरीने कधीही खरवडू नये, कारण नळी फुटू शकते, आणि अनेक नव्या फ्रीझरमध्ये असणारा आर-२९० (प्रोपेन) हा गॅस ज्वलनशील असतो. फ्रीझर रिकामा करून, दार उघडे ठेवून बर्फ आपोआप वितळू द्यावा.

कॉम्प्रेसर दर काही मिनिटांनी टक् आवाज करून बंद पडत असेल, तर व्होल्टेज मोजून घ्यावे. गरम ग्रेव्हीची भांडी आत ठेवणे आणि आतल्या पंख्यासमोर खोकी रचणे ही दोन्ही सवयी बंद कराव्यात.

गॅस कमी असल्याचे ठरले, तर मेकॅनिकला नुसता गॅस भरू देऊ नये. गॅस फिरतो ती नळी बंदिस्त असते, गॅस वापरून संपत नाही, तो गळतच असतो. गळती कुठे सापडली आणि कशी बुजवली, हे बिलावर लिहून घ्यावे.