भजनाच्या रात्रीचा चहा

गणपतीत भजनाची मंडळी आली की चहाचं मोठं पातेलं चढतं, आणि नेमका तेव्हाच चहा फाटतो. ठेचलेलं आलं आधी पाण्यातच खळखळून उकळा. कच्च्या आल्यातल्या विकराने (एन्झाइमने) दूध नासतं. गवती चहाच्या पातीला गाठ मारून टाका, गाळताना सोपं जातं. गुळाचा करायचा तर पातेलं उतरवल्यावरच गूळ घाला. थोडा चहा बिनसाखरेचा वेगळा काढून ठेवा.

ट्रे मुंबईहून आलेल्या पुतण्याकडे द्या. ‘कोणाचो झील रे तू?’ असं विचारत वाडी त्याला आपोआप ओळखू लागते. बांधावरून अबोला धरलेला शेजारी पडवीच्या टोकाला बसला असेल, तर त्याचा कप मात्र घरच्या कर्त्यानेच न्यावा. आणि बशा काढा. म्हाताऱ्यांना बशीतूनच लागतो.