परदेशातून बडोद्याला पैसे मागवताना: स्विफ्ट कोड कोणता, आयएफएससी कोणता

बडोद्यात नवं बिऱ्हाड केलं, खातं रावपुऱ्यातल्या किंवा कारेलीबागेतल्या शाखेत हलवलं, आणि आता जर्मनीतला मुलगा पहिल्यांदा पैसे पाठवणार आहे. तिकडून निरोप येतो, "बँकेचा कोड पाठवा." पासबुकावर अकरा अक्षरांचा कोड दिसतो, त्याचा फोटो काढून पाठवला जातो, आणि घोळ तिथेच होतो. पासबुकावरचा तो कोड आयएफएससी असतो. तो एनईएफटी-आरटीजीएससाठी, म्हणजे भारतातल्या भारतात चालतो. परदेशी बँकेला स्विफ्ट कोड लागतो. काही फॉर्मवर त्यालाच बीआयसी म्हणतात.

फसगत होणं साहजिक आहे, कारण दोन्हींची पहिली चार अक्षरं बहुधा सारखीच असतात. बँक ऑफ बडोदाचे दोन्ही कोड बी-ए-आर-बी असेच सुरू होतात. ओळखायची खूण पाचव्या जागेवर आहे. तिथे शून्य असेल तर तो आयएफएससी, आणि पाचवं-सहावं अक्षर मिळून आय-एन, म्हणजे भारत, असेल तर तो स्विफ्ट. आयएफएससीतला तो शून्यच असतो, ओ हे अक्षर कधीच नसतं. फोनवर सांगताना "झीरो, आकडा" असं स्पष्ट सांगा.

स्विफ्ट कोडात पहिली चार अक्षरं बँकेची, दोन देशाची, दोन ठिकाणाची. अशी आठ झाली की कोड पुरा होतो. शाखेसाठी पुढे आणखी तीन लागू शकतात. फॉर्म अकराच मागत असेल आणि तुमच्याकडे आठ असतील, तर शेवटी तीनदा एक्स लिहा. त्याचा अर्थ मुख्य कार्यालय. बँक ऑफ बडोदाचा मुख्य कोड बी-ए-आर-बी-आय-एन-बी-बी. १९०८ साली सयाजीराव महाराजांनी याच शहरात काढलेल्या बँकेच्या कोडात मुंबईचं बी-बी कसं, असा प्रश्न पडेल. परदेशी व्यवहाराचा संदेश मुंबईच्या पत्त्यावर उतरतो, तिथून खाते क्रमांकावरून रक्कम तुमच्या खात्यात येते. म्हणून खाते क्रमांकातली एका आकड्याची चूक कोडातल्या चुकीपेक्षा जास्त महागात पडते.

प्रत्येक शाखेला स्वतंत्र स्विफ्ट कोड नसतो, आणि पासबुकावर तो सहसा छापत नाहीत. शाखेत जाऊन लिहून घ्या. काउंटरवर गुजरातीत एवढं पुरे: "परदेशथी पैसा आववाना छे, स्विफ्ट कोड लखी आपशो?" कुठल्याही संकेतस्थळावरच्या यादीतून उचलू नका. सहकारी बँकेत खातं असेल तर आधी विचारा. अनेकांचा स्वतःचा स्विफ्ट कोड नसतो आणि पैसे दुसऱ्या बँकेमार्फत येतात. तेव्हा त्या बँकेचं नाव, कोड आणि संदेशात लिहायचा मजकूर, तिन्ही गोष्टी लागतात.

देना किंवा विजया बँकेचं जुनं पासबुक असेल तर त्यावरचा आयएफएससी वापरू नका. त्या बँका १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या आणि जुने कोड १ मार्च २०२१ पासून बंद झाले.

जर्मनीचा फॉर्म आयबॅन, म्हणजे युरोपात वापरला जाणारा आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, मागेल. भारतात आयबॅन नाही. देश म्हणून भारत निवडल्यावर बहुतेक ठिकाणी खाते क्रमांकाचा रकाना येतो. अमेरिकेतला नातेवाईक राउटिंग नंबर विचारेल. तो तिथल्या बँकांचा नऊ अंकी क्रमांक. आपल्या चेकवरचा ३९० ने सुरू होणारा एमआयसीआरही नऊ अंकीच असतो, म्हणून लोक तोच भरतात. तो फक्त चेक वटवण्याच्या कामाचा. पैसे पाठवणारी काही अ‍ॅप मात्र स्विफ्ट मागतच नाहीत, त्यांना आयएफएससी आणि खाते क्रमांकच हवा. रकान्याचं नाव वाचून भरायला सांगा.

नावाकडे नीट लक्ष द्या. पासबुकावर आडनाव आधी असेल तर फॉर्मवरही तसंच, आणि स्पेलिंग अक्षर न अक्षर तेच. गायकवाड हे आडनाव रोमन लिपीत दोन-तीन तऱ्हांनी लिहितात. बँकेत जे आहे तेच चालेल. पैसे कशासाठी, तेही कळवावं लागतं. परदेशातल्या मुलाने घरखर्चासाठी पाठवले तर कोड पी-१३०१, भेट म्हणून आले तर पी-१३०२.

वाटेतली मध्यस्थ बँक आपलं शुल्क रकमेतून कापते. पूर्ण रक्कम हवी असेल, जसं फी भरायची असेल, तर पाठवणाऱ्याने शुल्काच्या पर्यायात ओ-यू-आर निवडावं. एस-एच-ए निवडलं तर खर्च वाटून जातो, बी-ई-एनमध्ये सगळा तुमच्या माथी.

साधारण एक ते पाच कामाचे दिवस धरा; उत्तरायण, दिवाळी, दुसरा-चौथा शनिवार मोजू नका. त्यानंतरही पैसे आले नाहीत तर पाठवणाऱ्याकडून स्विफ्ट संदेशाची प्रत मागवा. तिला बँकेत अजूनही एमटी-१०३ म्हणतात. तिच्यावर यूईटीआर हा ३६ चिन्हांचा क्रमांक असतो. तो घेऊन शाखेत गेलात तर पैसे कुठे अडकलेत ते शोधता येतं. नुसती पाठवल्याची तारीख सांगून सहसा काही निघत नाही.