पुणे ते काझीरंगा कारने : घड्याळ, कॅमेरा आणि नवरा

पुण्याहून काझीरंगा, म्हणजे आसामातलं गेंड्यांचं राष्ट्रीय उद्यान, जवळजवळ तीन हजार किलोमीटर, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न कुठली लेन्स नेऊ. लेन्सचं नंतर बघू, आधी घड्याळाचं बघा. अख्ख्या देशाला वेळ एकच, पण सूर्य एका रेखांशामागं चार मिनिटं आधी उगवतो, पुणं 74 च्या जवळ आणि काझीरंगा 93 च्या पुढं, म्हणजे सव्वा तासाचा फरक. नोव्हेंबरात आपल्याकडं सहाच्या सुमारास मावळणारा सूर्य तिकडं साडेचारलाच गुल. आसामच्या चहामळ्यांत अजून घड्याळ एक तास पुढं ठेवून 'बागान टाइम' पाळतात, उगाच नाही.

त्यामुळं रोज सातला निघू, संध्याकाळी सहाला पोचू असं एकच वेळापत्रक मारलं तर पहिले दोन दिवस बरे जातील आणि नंतर रोज अंधारात हॉटेलात पोचाल. ज्या 82.5 रेखांशावरून आपली वेळ ठरते तो रायपूर आणि संबलपूरच्या मधे कुठंतरी ओलांडला जातो, तिथून पुढं अलार्म मागं घ्यायला लागायचं. आसामात साडेचारला उठायचं, साडेसातपर्यंत फोटो, मग नाश्ता, मग गाडी, आणि दुपारी अडीच-तीनला मुक्कामी. दुपारच्या सपाट उन्हात तसेही फोटो बरे येत नाहीत, ते तास रस्त्यालाच द्यावेत.

आता जोडीदार. माझा नवरा फोटो काढत नाही, त्याला गाडी चालवायला आणि खायला आवडतं, हे मी वरदान समजते. पण दर दहा मिनिटांनी "थांब थांब थांब" ओरडलं तर कुणीही चिडेल, आणि हायवेवर ते धोक्याचंही आहे. आमचा नियम असा, की सकाळी नि संध्याकाळी तो चालवतो कारण मला बाहेर बघायचं असतं, दुपारी मी. थांबायचं असेल तर आधी सांगायचं आणि गाडी ढाब्यावर किंवा पेट्रोलपंपावरच लावायची, मग चालत मागं या हवं तर. समृद्धी महामार्गावर तर कडेला थांबायचंच नाही, तिथला 120 चा वेग आणि सरळ रस्ता यानं डोळे मिटायला लागतात. आणि रोजचा एक थांबा पूर्ण त्याचा, त्यात कॅमेरा पिशवीतच, मग नागपुरात तर्री पोहे असोत नाहीतर सिलिगुडीत मोमो. जेवण गार होईस्तोवर ताटाचे फोटो काढत बसलात तर पुढच्या पहाटे कोण उठेल तुमच्यासोबत?

रूट मोठा आहे, सगळं सांगत नाही. पहिल्या दिवशी मेहकरला समृद्धी सोडून लोणार, विवराच्या काठावर उन्हं उतरताना पोचा. मग नागपूर, साकोलीच्या आसपास मुक्काम जमला तर नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प, मग रायपूरवरून संबलपूर. तिथं गांधी मिनारवरून हिराकुड धरणाचं पाणी दिसतं, हिवाळ्यात पक्षीही असतात. पुढं रांचीकडून वर सिलिगुडीला जाणं म्हणजे नुसतं डोकं खाली घालून गाडी हाकणं, पण सिलिगुडीजवळ पावसाळ्यानंतरच्या स्वच्छ सकाळी सपाट शेतांच्या पलीकडं कांचनजंगा उभा दिसतो, 8,586 मीटर, तिथं मात्र मोठी लेन्स हाताशी पाहिजे कारण आठ-नऊनंतर तो ढगात जातो.

नोव्हेंबरच का? डिसेंबर-जानेवारीत उत्तर बंगाल आणि बिहारच्या बाजूला धुकं इतकं दाट असतं की पुढचा ट्रक दिसत नाही. धुक्यात फोटो सुंदर येतात हे खरं (एक्स्पोजर एक स्टॉप वर, म्हणजे उजेड दुप्पट घ्या, नाहीतर सगळं राखाडी), पण ते गाडीतून उतरून काढायचे, चालवत नाही. नोव्हेंबरचा तोटा एवढाच की काझीरंगात तेव्हा गवत उंच असतं, गेंडा अर्धाच दिसतो. फेब्रुवारीत गवत जाळल्यावर सोपं जातं. गेंड्यांसाठी उद्यानाचा बागोरी विभाग (रेंज) घ्या, पक्ष्यांसाठी अगोराटोली, आणि सकाळच्या जीपचं आधीच बुक करा.

सामानात ट्रायपॉडपेक्षा एक रिकामी जाड कापडी पिशवी जास्त कामाची. तिकडं पोचलात की दोन किलो तांदूळ विकत घेऊन भरा, जीपच्या दांड्यावर किंवा कारच्या खिडकीत ठेवली की 400 मिमीची लेन्सही स्थिर. इंजिन मात्र बंद करायला सांगा, थरथरीनं फोटो हलतो. कॅमेऱ्याची बॅग डिकीत नाही, मागच्या सीटच्या पायाशी, आणि रात्री गाडीत अजिबात नाही. फोटो रोज रात्री दोन ड्राइव्हवर, एक तुमच्या बॅगेत, एक जोडीदाराच्या. ड्रोन घरीच ठेवा, परवानग्यांचा वैताग आहे. छावण्या, चेकपोस्ट, मोठे पूल दिसले की कॅमेरा खाली.

वेळ उरला तर जोरहाटजवळच्या निमाती घाटावरून फेरीनं ब्रह्मपुत्रेतल्या माजुली बेटावर जा, सामागुडी सत्रात (वैष्णव मठात) मुखवटे बनवताना बघायला मिळतात, खिडकीतला उजेड असतो, फ्लॅश मारू नका आणि आधी विचारा. अरुणाचलात शिरायचं असेल तर आपल्या भारतीयांनाही इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात शिरायचा परवाना, लागतं, ऑनलाइन मिळतं, निघण्याआधीच काढून प्रिंट ठेवा, कारण चेकगेटवर नेट मिळेलच असं नाही.