स्वस्त आणि छोटा रंगमापक बनवताना या चुका टाळा

रंगमापक म्हणजे वस्तूचा रंग आकड्यांत मोजणारं उपकरण. त्याचे आकडे डळमळू लागले की पहिला संशय आतल्या सेन्सर चिपवर जातो. बहुतेक वेळा चिप निर्दोष असते. तिच्यापर्यंत जे पोचतं ते दिव्याचा वर्णपट, पृष्ठभागाचं परावर्तन आणि फिल्टरची संवेदनशीलता या तिघांचा गुणाकार असतं. यातलं एक जरी हललं तरी रंग बदलल्यासारखा दिसतो. म्हणून दोष शोधताना आधी दिवा तपासा, मग सेन्सर आणि दिवा झाकणारी डबी, आणि कोड सगळ्यात शेवटी.

दिवा

खोलीतल्या उजेडावर विसंबू नका. सेन्सरसोबत स्वतःचा पांढरा एलईडी हवाच. तो निवडताना कलर रेंडरिंग इंडेक्स (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते सांगणारा, १०० पैकी आकडा) ९० च्या वरचा घ्या. साध्या पांढऱ्या एलईडीच्या वर्णपटात ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळं शिखर असतं आणि ४८० जवळ खोल दरी. त्या दरीत प्रकाशच नसेल, तर निळसर-हिरव्या छटांमधला फरक कोणतंही गणित भरून काढू शकत नाही.

रीडिंग पहिल्या मिनिटात हळूहळू उतरत असेल तर एलईडी तापतो आहे. तापल्यावर तेज घटतं आणि थोडी छटाही सरकते. यावर चांगला उपाय म्हणजे एलईडी सतत चालू न ठेवणं: बंद असताना एक रीडिंग, चालू करून ठरावीक वेळ थांबून दुसरं, लगेच बंद. वजाबाकी केली की आत शिरलेला बाहेरचा स्थिर उजेडही निघून जातो. इथे एक बारीक खड्डा आहे. टीसीएस ३४७२५ सारखी रंग मोजणारी चिप स्वतःच्या लयीत सलग मोजत राहते. एलईडी मध्येच पेटला तर चालू मोजणी अर्धी अंधारातली, अर्धी उजेडातली होते. म्हणून एलईडी बदलल्यानंतरचं पहिलं रीडिंग टाकून द्या.

तेज कमी करायला पीडब्ल्यूएम (एलईडी झपाट्याने चालू-बंद करणं) वापरू नका. त्याची लय आणि मोजणीची वेळ जुळली नाही की आकडे नाचतात. करंटच कमी करा, आणि शक्यतो स्थिर करंट देणारा ड्रायव्हर लावा. नुसता रोधक लावला, तर पुरवठ्याचा व्होल्टेज खाली येताच पांढरा राखाडी होतो.

बाहेरचा दिवा पूर्ण अडवता येत नसेल तर इंटिग्रेशन टाइम, म्हणजे एका रीडिंगसाठी सेन्सर प्रकाश गोळा करतो ती वेळ, विचारपूर्वक ठरवा. ५० हर्ट्झच्या विजेवर दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, ६० हर्ट्झवर १२० वेळा. १०० मिलिसेकंदांत दोन्हींची पूर्ण आवर्तनं बसतात. टीसीएस ३४७२५ मध्ये ही वेळ पायऱ्यांनी ठरते आणि एक पायरी २.४ मिलिसेकंदांची असते. ४२ पायऱ्या घेतल्या की १००.८ मिलिसेकंद होतात, तेवढं पुरतं.

डबी

चकचकीत वस्तू नेहमीपेक्षा फिकट येते का? मग एलईडीचं थेट प्रतिबिंब सेन्सरवर पडतं आहे. तयार मॉड्यूलवर एलईडी सेन्सरला खेटूनच असतो, आणि या जागेचा तोटा मोठा आहे. एलईडी पृष्ठभागाशी ४५ अंशांत आणि सेन्सर अगदी सरळ वरून, ही मांडणी ठेवा. विणलेलं कापड किंवा खरखरीत कागद मोजायचा असेल तर समोरासमोर दोन एलईडी लावा. नाहीतर वस्तू फिरवली की आकडा फिरतो.

अंतर हाताने सांभाळलं जात नाही. एक मिलिमीटरचा फरकही तेज बदलतो. डबीचं तोंड वस्तूवर टेकेल आणि सेन्सर ठरलेल्या उंचीवरच राहील असा पाया द्या.

सेन्सर आणि एलईडी दोघांवर मिळून एकच काच असेल तर प्रकाश काचेतूनच आडवा सेन्सरपर्यंत जातो. त्यासाठी मधली भिंत काचेच्या आरपार न्या किंवा दोन वेगळे तुकडे लावा. पडताळा सोपा आहे. अंधाऱ्या खोलीत डबीचं तोंड मोकळ्या जागेकडे धरा, एलईडी चालू करा. पांढऱ्याच्या तुलनेत दोन-तीन टक्क्यांहून जास्त आकडा आला तर आतून गळती आहे. भिंती आतून मॅट काळ्या करा. थ्रीडी प्रिंटच्या पातळ काळ्या भिंतीतूनही उजेड झिरपतो, आणि काही काळी प्लास्टिकं इन्फ्रारेडला चक्क पारदर्शक असतात.

इन्फ्रारेडचा त्रास ओळखण्याची खूण म्हणजे काळं कापड लालसर दिसणं. सिलिकॉनचा फोटोडायोड सुमारे ११०० नॅनोमीटरपर्यंत पाहतो आणि रंगीत फिल्टर इन्फ्रारेड अडवत नाहीत. टीसीएस ३२०० या दुसऱ्या रंग-चिपमध्ये इन्फ्रारेड रोखणारा थर नाही. ३४७२५ मध्ये तो आहे. पांढऱ्या एलईडीत इन्फ्रारेड जवळपास नसतोच, त्यामुळे घट्ट बंद डबी केली की प्रश्न बराचसा मिटतो. ऊन किंवा तारेचा बल्ब आत शिरत असेल तर मात्र वेगळा फिल्टर लावा.

आकडे

सेन्सर सॅच्युरेट झाला, म्हणजे आणखी प्रकाश मोजू शकत नसला, की आकडा ६५५३५ (१६ बिटांत मावणारा सर्वांत मोठा) येईल असं गृहीत धरून कोड लिहिला जातो. कमी पायऱ्यांवर तसं होत नाही. ३४७२५ मध्ये कमाल आकडा दर पायरीमागे १०२४ असतो, म्हणजे ४२ पायऱ्यांना ४३००८. क्लिअर चॅनल (रंगीत फिल्टर नसलेला भाग) या कमाल आकड्याच्या ७५ टक्क्यांच्या खालीच ठेवा. पांढऱ्या वस्तू सगळ्या सारख्याच दिसत असतील तर आधी हेच तपासा. गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा ते, १, ४, १६ आणि ६० असा मिळतो, पण प्रत्यक्षातलं गुणोत्तर नेमकं तेवढंच नसतं. पांढरा संदर्भ आणि नमुना एकाच गेनवर मोजा.

पांढरा संदर्भ म्हणून छपाईचा कागद घेऊ नका. त्यातली उजळवणारी रसायनं जांभळा प्रकाश शोषून निळा परत फेकतात. नळजोडणीची पीटीएफई टेप उत्तम चालते. आकडा वाढायचा थांबेपर्यंत तिचे थर चढवा. मग प्रत्येक चॅनलसाठी नमुन्यातून अंधाराचं रीडिंग वजा करा आणि त्याला पांढरा वजा अंधार याने भागा.

आता हे गुणोत्तर सरळ २५५ ने गुणून पडद्यावर दाखवलं तर रंग काळवंडतो. सेन्सर रेषीय असतो, म्हणजे प्रकाश दुप्पट तर आकडा दुप्पट; पडद्यावर रंगांचे आकडे मांडण्याची एसआरजीबी पद्धत तशी नाही. २० टक्के परावर्तनाचा राखाडी ५१ नव्हे, १२४ दिसायला हवा. ०.००३१३०८ पेक्षा मोठ्या किमतीचा २.४ वा मूळ घ्या, १.०५५ ने गुणा, ०.०५५ वजा करा. हा टप्पा शेवटचा. सेन्सरचे लाल, हिरवा, निळा आकडे खऱ्या रंगांशी जुळवणारं ३×३ मॅट्रिक्स आधीच्या रेषीय आकड्यांवरच लावायचं.

ते मॅट्रिक्स २४ चौकटींच्या रंगतक्त्यावरून काढताना सगळ्या चौकटी त्यात ओतू नका. १८ वर मॅट्रिक्स बसवा, उरलेल्या ६ वर पडताळा. बसवलेल्या रंगांवर चूक अगदी कमी आणि पडताळ्यात मोठी दिसली तर गणित रंग पाठ करतं आहे. वरच्या घाताची बहुपदी वापरली की हे हमखास घडतं. एलईडी किंवा डबी बदलली तर मॅट्रिक्स नव्याने काढा.

एवढं करूनही ठरावीक रंगद्रव्यं चुकत राहतील, कारण तीन फिल्टरांची संवेदनशीलता डोळ्यासारखी नसते. तिथे जास्त चॅनल लागतात. एएस ७३४१ या चिपमध्ये ४१५ ते ६८० नॅनोमीटरपर्यंत आठ दृश्य पट्टे आहेत. पण त्याचे फिल्टर तिरप्या किरणांना लघु तरंगलांबीकडे सरकतात, त्यामुळे वर डिफ्यूझर (प्रकाश विखुरणारा पडदा) लावणं सक्तीचं आहे. शिवाय त्यात एडीसी (प्रकाशाच्या सिग्नलचा आकडा करणारे भाग) सहाच असल्याने आठ पट्टे दोन खेपांत वाचले जातात. दोन्ही खेपांत एलईडी सारख्याच तेजाने पेटला पाहिजे, नाहीतर वर्णपटाच्या मधोमध खोटी पायरी उमटते.