रात्री ग्रुपवर टाकलेलं सकाळी शाळेत येतं, तेव्हा

आठवीतल्या एका पोराने रविवारी रात्री घरून, आजीच्या मोबाइलवरून, वर्गातल्या मुलीच्या फोटोचं घाणेरडं स्टिकर करून ग्रुपवर टाकलं, असं समजा. सोमवारी ती मुलगी एसटीतून उतरली आणि फाटकावरूनच माघारी वळली. 'शाळेबाहेरचं प्रकरण' म्हणून हात झटकता येतील?

आधी एवढंच बघा: त्या पोस्टमुळे कोणाचं शाळेत येणं, बसणं, शिकणं अडलंय का? अडलं असेल तर हात घालायचा. सरांना न रुचलेलं रील किंवा पुढाऱ्याची टिंगल असेल तर सोडून द्या. २०१२ साली पालघरमध्ये फेसबुकवरच्या पोस्ट आणि लाइकवरून दोन तरुणींना अटक झाली होती. ती ज्या कलमाखाली झाली, ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ पुढे २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्दच केलं.

मग मुलीचं ऐका, एकटीला बसवून, बाईंसमोर. तारीख, वेळ, ग्रुपचं नाव कागदावर उतरवा. पोरांचे मोबाइल हिसकावून गॅलरी चाळू नका. दाखवायचं ते पालकांसमोर दाखवू दे.

चित्र अश्लील असेल तर तिथेच थांबा. 'पुरावा' म्हणून स्टाफच्या ग्रुपवर तर अजिबात टाकू नका, कारण मुलांचं असं चित्र साठवणं, पुढे पाठवणं हाही गुन्हा आहे. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. गावकीत बसून मिटवायची सवय आपल्याकडे जुनी. इथे ती चालत नाही. सायबर तक्रारीला १९३०, मुलांच्या मदतीला १०९८.

बाकी प्रकरणांत पालकांना बोलवा, पण वेळ बघून. बापूस ट्रॉलरवर नाहीतर मुंबईत, आई सकाळी मासळीच्या लिलावाला. 'ताबडतोब हजर राहा' अशी चिठ्ठी गेली की कोणीच येत नाही आणि आपण पालकांना बेफिकीर ठरवतो. आली तर आजी येते: "माका वाटला, बापाशीवांगडा बोलता." तिला दम देऊन काय मिळणार? दोन्ही घरं एकाच वाडीतली असतील तर वेगवेगळ्या दिवशी बोलवा, नाहीतर पोरांचं भांडण बांधाच्या जुन्या वादात शिरतं.

शिक्षेचं बघू. आरटीई, म्हणजे शिक्षणहक्क, कायद्याच्या कलम १७ ने मारहाणीइतकाच मानसिक छळही बंद केलाय, आणि आठवी संपेपर्यंत नाव काढून टाकता येत नाही. प्रार्थनेला उभं करून माफी मागायला लावलीत तर त्याचाच कोणीतरी व्हिडिओ काढील. त्यापेक्षा पोराने स्टिकर सगळीकडून काढावं आणि ज्यांना पाठवलं त्यांनाही काढायला सांगावं. मुलीची तयारी असेल तरच माफीचं पत्र. स्नेहसंमेलनाच्या कामातून महिनाभर बाहेर ठेवलं तरी पोराला पुरेसं झोंबतं. मात्र हे नियम जूनमध्येच लिहून पालकांची सही घेतलेली असावी. घटना घडल्यावर केलेला नियम त्या पोराला लावू नये.

पंधरा दिवसांनी मधल्या सुट्टीत एक चक्कर मारा. ती मुलगी डबा कोणाबरोबर खाते, तेवढं बघून या.